चंद्रीची धार आणि घोरपडे बाईंची बैठक

मळा, बिद्रीजवळ
६ जानेवारी २०२५

ऋते,

पाकीट बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. पत्र अशासाठी की आमच्याकडे फोनवर बोलायचं म्हणजे चावडीवर उभं राहून बोलायचं. ह्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर. मी नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी शेजारची बनाबाई हातातलं सूप टाकून येते. आणि मला जे सांगायचंय ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

शिवाय तुझं एक उत्तर माझ्याकडे राहिलंय. दहावीचा शेवटचा पेपर देऊन आपण कुरुंदवाडच्या घाटावर पाय सोडून बसलो होतो, आठवतं? दर महिन्याला पत्र लिहायचं असं तूच ठरवलंस. तू दोन लिहिलीस, मी एकाला उत्तर दिलं, आणि मेमध्ये माझं लग्न झालं. दुसऱ्याचं उत्तर आता बेचाळीस वर्षांनी देतेय असं समज. डिसेंबरात एका लग्नात भेटलीस तेव्हाच सांगणार होते, पण जेवणाच्या पंगतीत कुठं गुडघ्यांच्या गोष्टी काढायच्या?

तर गुडघे. आणि कंबर. मला खाली बसता येत नाही ग. बसले तर उठता येत नाही. सकाळभर खुरप्यानं तण काढत भांगलण, दुपारी तोडीवरून उसाच्या वाड्याचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा, भारा डोक्यावर आणायचा, हे दात खाऊन उरकते. पण संध्याकाळी धारेला बसायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं.

आमची चंद्री फक्त मलाच धार देते. दुसरं कुणी बसलं की पान्हा चोरते, लाथ मारते. बाबांनी लग्नात मला जी म्हैस दिली होती ना, काशी, तिची ही चौथी पिढी. माहेरचं घर भावानं पाडून नवीन बांधलं, आई गेली, बाबा गेले. माहेरचं म्हणून माझ्याकडे आता ही चंद्रीच आहे. आणि हे परवा जेवताना म्हणाले, "तुझं गुडघं ऱ्हायलं न्हाईत, आन म्हस कशाला पायजे? पाडव्याच्या आत बाजारात न्हेतो." मी म्हटलं, "मी न्हाय इकू देत." पण इथं न बसता धार कशी काढायची ते मला ठाऊक नाही.

तू योगाचा वर्ग चालवतेस. मला काहीतरी शिकव. पत्रातून शिकव, चित्रं काढ. तुझी जीवशास्त्राची चित्रं चांगली असायची, मी तीच बघून काढायची.

तुझी
सयू

*

कोल्हापूर
१३ जानेवारी २०२५

सये,

तुझं पत्र तीनदा वाचलं. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं, पळत सुटल्यासारखं. पाकिटात तिळगूळ घातलाय. पोस्टानं त्याचा चुरा केला असेल तरी खा.

तुझं पत्र वाचल्यापासून मला सारखं शाळेचं पटांगण दिसतंय. सकाळी साडेसहाला घोरपडे बाई शिट्टी घेऊन उभ्या. खो-खोच्या पाटीवर आपण आठ जणी, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. तू कायम माझ्या शेजारच्या चौकात. बाई पाठीवर पट्टी टेकवून बघायच्या, वाकडी दिसली की अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असं ओरडायच्या. आणि घरी जाताना तुझ्या आईनं काढून ठेवलेलं काशीचं धारोष्ण दूध. माझ्या घरी चहात टाकण्यापुरतं दूध यायचं ग. एवढा मोठा तांब्या मी तुझ्याकडेच बघितला.

बरं, आता शिकवणी. माझ्या वर्गात बँकेतली, कचेरीतली माणसं यायची. सगळ्यांची तक्रार हीच, कंबर आणि गुडघे. त्यांना मी दोन आसनं हमखास द्यायची. पहिलं पश्चिमोत्तानासन: पाय लांब करून बसायचं, पुढं वाकून अंगठे धरायचे, कपाळ गुडघ्याकडे न्यायचं. खाली बसवत नसेल तर बाजेवर कर. दुसरं पादहस्तासन: उभं राहून कमरेत वाकायचं, हात जमिनीला. चित्रं मागच्या पानावर आहेत. चित्रातल्या बाईचा अंबाडा जरा मोठा झालाय, तिकडं लक्ष देऊ नकोस.

नियम: पोट रिकामं हवं, जागा शांत आणि हवेशीर, खाली सतरंजी. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं. न चुकता महिनाभर. चंद्रीला सांग, मावशी आहे कोल्हापूरला.

तुझी
ऋता

*

मळा
२७ जानेवारी

ऋते,

शांत आणि हवेशीर जागा शोधायला मला तीन दिवस लागले. सोप्यात टीव्ही, मागच्या दारी कोंबड्या, माडीवर सोयाबीनची पोती. शेवटी गोठ्यातच गव्हाणीच्या मागं सतरंजी टाकली. हवेशीर म्हणशील तर भरपूर आहे, वासासकट.

पहिल्या दिवशी मी वाकले तर चंद्रीनं मान वळवून माझा अंबाडा हुंगला. दुसऱ्या दिवशी बनाबाई शेणाची पाटी घेऊन आली आणि दारातच थबकली. "काय हरवलंय व्हय ग?" म्हणाली. मी म्हटलं योगा करते. तर तिनं गावभर केलं की सयूबाईला दृष्ट लागली, गोठ्यात वाकून काहीतरी करते. सूनबाई वर्षाराणी मात्र पोर गुणाची. "आत्या, मी बी करतो की तुमच्यासंगं," म्हणून दोन दिवस आली. तिला जमतं सगळं, कपाळ थेट गुडघ्याला.

हे आपले ऐकून घेतात आणि हसतात. तालमीत घडलेला माणूस, जोर-बैठकांशिवाय दुसरं काही व्यायामात धरत नाहीत. आता पोट असं सुटलंय की स्वतःच्या पायाचे अंगठे बघून वर्ष झालं असेल, ते धरायची गोष्टच नको.

तू विचारशील म्हणून सांगते, मला बरं वाटतंय. खरंच. भांगलून आल्यावर लगेच करते, म्हणजे अंग गरम असतं. मोकळं झाल्यासारखं वाटतं. आज हे पत्र उभ्यानंच लिहितेय, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून. उजेड चांगला आहे इथं.

परवा वाड्याचा भारा उतरवताना तुझ्या चित्रातल्या बाईची आठवण आली आणि हसू फुटलं. किती ग दिवस झाले आपण दोघी एकदम हसून!

सयू

*

कोल्हापूर
३ फेब्रुवारी

सये,

मी सांगू नये, पण पत्र वाचून मी रडले. आनंदानं. आठ महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की मला काहीतरी येतं अजून.

तुला उतार पडतोय म्हटल्यावर आता वाढवू या. प्रत्येक वाकण्यात मनातल्या मनात पंचवीसपर्यंत मोजत होतीस ना? आता पन्नास मोज. वाकल्यावर श्वास सोडून आणखी थोडं खाली जायचं. ताण येईल, तो चांगलाच असतो. अंग भांगलून गरम झालेलं असताना करतेस हेही उत्तम.

उदयसिंहरावांना सांग, बाजाराचा रस्ता विसरा म्हणावं.

तुझी
ऋता

*

मळा
१७ फेब्रुवारी २०२५

सौ. ऋताताई यांना उदयसिंह यांचा नमस्कार.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. फोनवर मला ऐकू येत नाही आणि मला जे बोलायचं आहे ते सुनेकडून बोलवून घेण्यासारखं नाही, म्हणून लिहितो.

मंडळी नऊ दिवस झाले अंथरुणाला आहेत. भांगलून आल्या आणि तुमच्या चित्रातल्याप्रमाणे वाकल्या, त्या सरळ झाल्याच नाहीत. मी आणि सुनेनं उचलून बाजेवर आणलं. डॉक्टर म्हणतात हाडाला काही नाही, शीर आखडली, तीन आठवडे काम बंद. तुम्हाला कळवू नका म्हणून त्यांनी मला देवाची शपथ घातली होती. त्यांचं म्हणणं, तुम्हाला वाईट वाटेल. पहिल्यापासून दुखत होतं आणि तुम्हाला बरं वाटतंय म्हणून लिहिलं, हे सुनेनं मला सांगितलं.

ताई, तुमच्या विद्येला मी नावं ठेवत नाही. शहरात चालत असेल. इथं नाही चालली. ह्यापुढं चित्रं पाठवू नयेत ही विनंती.

म्हैस मंगळवारच्या बाजारात काढतोय. तोपर्यंत धारेला बनाबाईला लावलंय. मंडळींना अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नये.

राग नसावा.

आपला
उदयसिंह

*

कोल्हापूर
२४ फेब्रुवारी

सये,

मी परवा येऊन गेले तेव्हा तू बाजेवर पडून माझा हात धरलास आणि म्हणालीस, "तुजी काय चूक न्हाय ग, मलाच जमलं न्हाय." तिथं सगळे होते म्हणून मी गप्प बसले. आता सांगते. चूक माझीच आहे, शंभर टक्के.

माझ्याकडे येणारी माणसं दिवसभर खुर्चीत बसून ताठलेली असायची. त्यांना वाकवणं हे माझं काम. तू दिवसभर वाकलेलीच. सकाळी भांगलताना वाकतेस, शेण काढताना वाकतेस, भारा उचलताना वाकतेस, आणि त्या वाकलेल्या बाईला मी घरी आल्यावर आणखी पन्नास मोजेपर्यंत वाकायला लावलं. तुझ्या शेतात येऊन दहा मिनिटं उभी राहिले असते तर कळलं असतं. वीस वर्षं शिकवून हे मला सुचू नये याची मला लाज वाटते. आणि तू! दुखतंय म्हणून एका शब्दानं लिहिलं असतंस तर? बरं वाटतंय म्हणे. नववीत पाय मुरगळला तेव्हाही तू असंच म्हणाली होतीस आणि उरलेला सामना लंगडत खेळलीस.

आता दुसरी गोष्ट. ही सांगायची नाही अशी शपथ मला घातलेली आहे, पण तुमच्या घरातल्या शपथा कोण किती पाळतं ते मी बघितलंय.

माझी लेक अवनी गाडी लावत होती तेव्हा मी तुझ्या चंद्रीला बघायला गोठ्याकडे गेले. संध्याकाळची धारेची वेळ. आत एक बाई बसली होती. अंगावर विटकं हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर. मला वाटलं बनाबाई. "बनाबाई, म्हैस देते का धार?" म्हणून विचारलं. पुढं जाऊन बघते तर पदराखाली मिशा.

सये, तुझा नवरा तुझं गोठ्यातलं लुगडं नेसून, चंद्रीच्या पोटाला डोकं टेकवून, "ये बाय ये, ये माजी बाय" म्हणत धार काढत होता. पाठ कमानीसारखी वाकलेली, पोट मांड्यांत अडकलेलं, दर चार धारांना "आई ग" करत. चंद्री डोळे अर्धे मिटून उभी. मला बघितलं तर एवढा मोठा माणूस लाजेनं लाल झाला. म्हणाला, "ताई, हे कुनाला बोलू नगा. बनाबाईला दारात बी येऊ दिलं न्हाय मी." मी विचारलं, मंगळवारच्या बाजाराचं काय झालं? तर म्हणाला, गेल्या मंगळवारी तिचा पाय जरा लचकला होता, त्याच्या आधीच्या मंगळवारी अमावस्या होती. मी घरी येऊन दिनदर्शिका बघितली. नव्हती.

त्यांना तसं बसलेलं बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. ती वाकडी पाठ. घोरपडे बाईंनी पट्टी हाणली असती! आणि मग आठवलं, आपण पाटीवर कशा बसायचो. टाचा उचललेल्या, पाठ सरळ, छाती पुढं, वाकायचं ते कमरेतून नाही, खुब्यातून. अर्धा अर्धा तास बसायचो, कधी काही दुखलं नाही. तुला बसणं मी शिकवायची गरजच नव्हती. तुला ते येत होतं, फक्त आठवण द्यायची होती.

तर माझी आधीची चित्रं चुलीत घाल. नवीन एवढंच, आणि तेही डॉक्टर हो म्हणतील तेव्हा. पालथं झोपून छाती हळू वर उचलायची, भुजंगासन, जेवढं सोसेल तेवढंच. उताणं झोपून गुडघे वाकवायचे आणि कंबर उचलायची. रांगतं होऊन मांजरीसारखी पाठ वर-खाली करायची. वर्षाराणीला मी त्या दिवशी तिन्ही दाखवलीत, तिला विचार.

बाकी सगळं कामातच. भांगलताना एक पात, म्हणजे तुमची एक ओळ, संपली की उभं राहून हात कमरेवर ठेवून मागं वाक, तीन श्वास. दर पातीला खुरप्याचा हात बदल. भारा उचलताना श्वास सोड, धरून ठेवू नकोस. आणि धारेला बसताना टाचांखाली पोत्याची घडी घाल, पाठ बाईंनी पट्टी लावल्यासारखी. आणि दुखलं तर दुखतंय म्हणून लिही, नाहीतर मी परत येईन आणि तुझ्या नवऱ्यासमोर तुला बोल लावीन.

तुझी
ऋता

*

मळा
२१ मार्च २०२५

ऋते,

आधी चंद्रीचं सांगते. ती दावणीलाच आहे.

डॉक्टरांनी सोडल्यावर दहा दिवस मी नुसती तुझी तिन्ही आसनं केली. पहिल्या दिवशी छाती चार बोटंसुद्धा उचलली नाही. दुखलं, आणि मी वर्षाराणीला दुखतंय म्हणून सांगितलं, लिहून ठेव. मग भांगलणीला अर्धा दिवस गेले. पात संपली की उभी राहून मागं वाकायची. आधी बायका हसल्या, मग बनाबाईनं करून बघितलं आणि म्हणाली, "आगं, बरं वाटतंय की!" आता पात संपली की आठ जणी एकदम कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघतात. रस्त्यावरून जाणारा गडी थांबून वर बघायला लागतो, विमान आलंय का म्हणून.

आणि काल संध्याकाळी मी धारेला गेले. पोत्याची घडी केली, टाचा तिच्यावर ठेवल्या. हे दारात उभे, बादली हातात घेऊन. मी डोळे मिटले आणि बाईंची शिट्टी आठवली. पाठ सरळ, छाती पुढं, आणि बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले.

चंद्रीनं मान वळवून मला हुंगलं, माझ्या अंगावरचं लुगडं हुंगलं, आणि पुन्हा मला. महिनाभर तिला त्या लुगड्यात दुसरंच माणूस भेटत होतं. मी सडाला हात लावला आणि तिनं पान्हा सोडला. बादलीत पहिली धार वाजली तेव्हा मी रडले. आईच्या गोठ्यातला आवाज तोच होता, काशीच्या वेळचा.

डोळे पुसायला पदर तोंडाला लावला तर तंबाखूचा वास! मी मागं न बघता म्हटलं, "लुगडं धुऊन तरी ठेवायचं हुतं." मला वाटलं ऐकूच गेलं नाही. मग म्हणाले, "त्या योगाबाईनं सांगितलं व्हय?" मी म्हटलं, "बाजारात न्हेनार हुता की." तर म्हणाले, "न्हेनार हुतो. दोनदा दावं सोडलं. पर तुज्या म्हायेरचं एवढंच ऱ्हायलंय. त्येबी मीच इकू?" ऋते, बेचाळीस वर्षांत ह्या माणसानं मला असं काही म्हटलं नव्हतं. मी धार काढत राहिले.

आता त्यांचीही कंबर धरलीय. सकाळी गव्हाणीमागं दोन सतरंज्या असतात.

आता तुझं. तू मला बोललीस, आता माझं ऐक. पहिल्या पत्रात तू लिहिलंस, माझ्या वर्गात माणसं 'यायची'. मी तेव्हाच थांबले होते त्या शब्दाशी. डिसेंबरात त्या लग्नात लंगडत होतीस, म्हणालीस नवी चप्पल चावते. आणि आमच्याकडे आलीस तेव्हा खुर्ची मागितलीस, जेवलीस बाजेच्या काठावर, आणि आसनं दाखवलीस ती छत्रीच्या टोकानं, वर्षाराणीला खाली झोपवून. तू स्वतः जमिनीला टेकली नाहीस. मी पडल्या पडल्या सगळं बघत होते, दुसरं काम काय होतं मला?

अवनीनं जाताना वर्षाराणीला सांगितलं. मागच्या जूनमध्ये तू जिन्यावरून पडलीस. गुडघा कधीचाच बरा झाला, डॉक्टर स्वतः म्हणतात खाली बसा, पण खाली बसले तर उठता येणार नाही ही भीती तुझ्या मनात बसली, आणि वर्ग बंद केलास. म्हणजे मला तू जे शिकवत होतीस ते आठ महिन्यांत स्वतः एकदाही केलं नव्हतंस. मला राग आला नाही. मी दुखणं लपवलं, तू भीती लपवलीस, आणि दोघींची चित्रं चुकली.

तीस तारखेला पाडवा आहे. अवनीला घेऊन ये. गुढी उभारून झाली की आपण दोघी अंगणात जाऊ. मी काठीनं चौक आखून ठेवते. तू त्यात खाली बस, टाचा उचलून, बाईंनी सांगितल्यासारखी. घाबरू नकोस. मी मागून येईन, तुझ्या पाठीवर हात ठेवीन आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं 'खो' म्हणेन. मग तुला उठावंच लागेल. आणि तू उठलीस की तुझ्या जागी मी बसेन. आता मला बसता येतं.

सयू